सिस्टरबाईंचं चौथं घर

लोणकरबाबूंनी हे वाचावं म्हणून मी लिहितो आहे. त्यांना आता अक्षरं लागत नाहीत, पण त्यांची सून शिकलेली आहे. ती वाचून दाखवील. तिने एकही वाक्य गाळू नये, एवढीच विनंती.

एस्तेरबाई साळवे यांना जाऊन आठ महिने झाले. जाण्याआधी त्यांनी चार घरं माझ्यावर सोपवली होती. तीन घरी मी जातो. चौथं घर लोणकरांचं. ते आमच्याच गल्लीत आहे, माझ्या खिडकीतून दिसतं. तिथे जायला त्यांनी सांगितलं, मी नाही म्हटलं, आणि आजवर गेलेलो नाही. मेलेल्या माणसाचं शेवटचं मागणं डावलणारा माणूस कसा असतो असं कुणी विचारलं, तर माझ्यासारखा असतो, एवढंच मी सांगेन. पण त्याआधी त्या कोण होत्या हे ऐकून घ्यावं लागेल.

आमची वस्ती सेलूच्या बाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आहे. शिक्षक, कारकून, दोन कंडक्टर, शेती मुलांच्या हाती देऊन गावाकडून आलेली काही म्हातारी माणसं. ख्रिस्ती घर एकच. एस्तेरबाई कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर इथे दोन खोल्या बांधून राहिल्या. वस्तीने त्यांना सिस्टरबाई केलं. त्यांच्या आधीच्या आयुष्याबद्दल मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, त्याला हार नव्हता.

बुटक्या, रुंद हाडाच्या. फुलाफुलांची साडी, खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेला पदर, पायात पुरुषी सँडल. चहा इतका काळा प्यायच्या की पाहुणा एकदाच यायचा. रविवारी सकाळच्या बसने पवनारवरून वर्ध्याला चर्चमध्ये जायच्या आणि बस पाच मिनिटं उशिरा आली तरी कंडक्टरला सुनवायच्या. "देवाच्या घरी उशिरा जाणं मले जमते, पण तुमच्यामुळं नाई." माझ्याकडून कादंबऱ्या न्यायच्या आणि शेवटचं पान आधी वाचायच्या. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, असा वाचक मला चालायचा नाही. मी एकदा तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "कोण मरते ते कळलं का मंग बाकीच्याइकडं नीट पाहता येते."

गोड स्वभावाच्या त्या मुळीच नव्हत्या. हे लिहिणं भाग आहे, कारण शोकसभेत सगळे त्यांना मायेचा सागर वगैरे म्हणत होते. त्या रागीट होत्या. कोणी आजाऱ्याला उगाच 'बरं वाटेल हं' म्हणाला की त्या त्याला बाहेर पाठवायच्या.

त्यांचं काम सांगितलं तर लोकांना आधी हसू येतं. त्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नखं कापायच्या. ज्यांनी घरात असा माणूस सांभाळला आहे त्यांना हसू येणार नाही. म्हातारपणी पायाची नखं शिंगासारखी जाड होतात, वळतात, मांसात रुततात. साध्या नेलकटरला दाद देत नाहीत. घरचे जेवण देतात, औषध देतात, कपडे बदलतात. पांघरुणाखालची पावलं कुणी पाहत नाही. सिस्टरबाई औषध कंपनीची एक जुनी बॅग घेऊन यायच्या. तिच्यात पक्कडीसारखी कात्री, कानस, जुना टूथब्रश, खोबरेल आणि टॉवेल. हातात प्लास्टिकचं घमेलं. कोमट पाण्यात पाय अर्धा तास भिजवायचे, मग एकेक नख. पैसे घ्यायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, आणि चहा पांचट असला तर तसं सांगायच्या.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आई लकव्याने पडून चार महिने झाले होते. घरात आम्ही दोघंच. आई जुन्या वळणाची. तिने बाईंच्या गळ्यातला क्रूस पाहिला, मग बॅगेकडे पाहिलं.

"आज शनवार हाये," आई म्हणाली. "शनवारी नखं कापत नाई."

"उद्या मले चर्चमधी जा लागते. सोमवारी येतो मंग."

"सोमवारी माहा उपास."

"मंगळवारी?"

"मंगळवारी तं नाईच नाई."

"बुधवार चालते का आजी? का बुधाले बी काही केलं तुमी?"

आई हसली. लकव्याने वाकडं झालेलं ते हसू मी चार महिन्यांनी पाहिलं. बाईंनी डायरी काढून लिहिलं: बुधवार, एकादशी अमावस्या सोडून. नंतर मला कळलं की त्या डायरीत प्रत्येक घराचे पाळायचे दिवस लिहिलेले होते. कुठे गुरुवार वर्ज्य, कुठे संध्याकाळ. वस्तीतल्या बायका संकष्टी कधी आहे ते त्यांना विचारायच्या.

कात्री उचलण्याआधी त्या अर्धा मिनिट डोळे मिटायच्या. ओठ हलायचे. आईने विचारलं, "काय म्हणतं वं?"

"कात्री बोटाले लागू नये म्हणतो."

"एवढंच?"

"एवढं झालं तरी लय झालं, आजी."

चार वर्षं त्या बुधवारी येत राहिल्या. मी घमेलं धरायला शिकलो, मग पाय पुसायला, मग सोपी नखं कापायला. आई गेल्यावर मी त्यांच्याबरोबर इतर घरी जाऊ लागलो. वाचणाऱ्या माणसाच्या हाताला असं काम लागलं की बरं वाटतं. शब्द लागत नाहीत.

लोणकरबाबू तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. वस्तीचे सगळे अर्ज तेच लिहायचे. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक कामासाठी दारोदार फिरणं नको म्हणून ते आधी सह्यांचे कागद फिरवायचे. वर काही नाही, नुसते आकडे आणि रेघा. "मजकूर मागाहून जोडतो," म्हणायचे. एकतीस घरांनी कितीदा अशा कोऱ्या कागदांवर सह्या केल्या असतील. पथदिवे त्याच पद्धतीने आले, नालीही त्याच पद्धतीने झाली. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी उभा जन्म छापील कागदात घालवलेला माणूस.

त्यांची आई, गंगूबाई, ही सिस्टरबाईंच्या घरांपैकी एक. म्हातारी फटकळ होती. एकदा नागपूरचे पाहुणे बसले असताना ती मुलाला म्हणाली, "तुले माह्या पायाचं नख कधी दिसलं का रे? या पोरीले दिसलं." पाहुणे हसले. लोणकर हसले नाहीत.

पुढे एका दुपारी बाई तिथे पाय भिजवत बसल्या असताना म्हातारीचा श्वास बदलला. घरात दुसरं कुणी नव्हतं. सून माहेरी, लोणकर बँकेत, त्यांची बायको गिरणीवर. बाईंनी शेजारच्या मुलीला लोणकरांना बोलवायला पिटाळलं. पण तेवढा वेळ नव्हता. म्हातारीने देवघराकडे बोट केलं. बाईंना कळलं. त्यांनी हात धुतले, कुंडीतलं तुळशीचं पान तोडलं, देवघरातली गंगेची कुपी फोडली आणि पाणी म्हातारीच्या तोंडात घातलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "रामाचं नाव बी घेतलं मी तिच्या कानापाशी. तिले ऐकाचं होतं. माह्या देवाले त्याचं काही वाटलं नसन, तो काही लोणकर नाई."

लोणकर आले तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते, तेही बाईंनीच मिटले होते. तेराव्याला बाईंना जेवायला बोलावलं नाही.

दोन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून निरोप आला. मी बाईंबरोबर गेलो. जमादार चांगला माणूस होता, पंखा आमच्याकडे वळवून त्याने अर्ज वाचायला घेतला. सदर महिला वृद्ध व असहाय व्यक्तींच्या आजारपणाचा गैरफायदा घेऊन धर्मांतराचा प्रयत्न करते. पाय धुण्याच्या निमित्ताने डोळे मिटून मंत्र पुटपुटते. अर्जदाराच्या मातोश्रींना अंतसमयी मंतरलेलं पाणी बळजबरीने पाजलं. सोबत वस्तीतील एकतीस रहिवाशांच्या सह्या.

जमादाराचं बोट सह्यांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"बाई, हे सतरा नंबरची सही कोणाची हाये?"

बाईंनी चष्मा लावला. "माही."

"तुमी सोताच्याच नावानं तक्रार देऊन राह्यल्या का?"

"तसंच दिसते खरं."

मागच्या टेबलावरचा शिपाई चहात हसला. मला तोवर कळलं होतं. आदल्या वर्षी नळाच्या पाण्यासाठी लोणकरांनी कागद फिरवले होते. पाणी आपोआपच आलं आणि कागद त्यांच्या फायलीत पडून राहिले. त्यांनी तेच जोडले होते, कोणाकोणाच्या सह्या आहेत हे न पाहता. तीस वर्षं तहसिलीत काढलेल्या माणसाने. रागाने माणूस एवढा आंधळा होतो हे तेव्हा मला नवीन होतं.

"लिहून द्या मले," जमादार म्हणाला, "का सह्या दुसऱ्या कामाच्या होत्या. बुढ्याले आणून बसवतो इथी दोन घंटे. वरतून केसच बनते त्याच्यावर."

मी खिशातून पेन काढलं. मला आठवतं, माझा हात हलका झाला होता.

"मी नाई लिहून देत," बाई म्हणाल्या. "सही माही हाये. कागद कोरा हाये हे मले दिसत होतं. आता म्हणू का मले वाचता येत नाई?"

"बाई, तुम्ही नाही दिलं तर मी देतो," मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमची तीन नंबरवर हाये, सर."

होती. वळणदार, खाली रेघ मारलेली. ग्रंथपालाची सही.

जमादाराने प्रकरण तिथेच मिटवलं. अर्जाची झेरॉक्स मी मागून घेतली. ती माझ्याकडे आहे. कुणाला पाहायची असेल त्याने यावं.

परतताना ऑटोत मी म्हणालो, "त्याला धडा मिळायला हवा होता." त्या म्हणाल्या, "त्याची माय गेली तवा तो पासबुकात नोंद करून घेत होता. ते त्याले जन्मभर डसन. त्याच्यावर मी अजून कुठी डसू?"

ठाण्यात प्रकरण मिटलं, वस्तीत मिटलं नाही. कोणी त्यांना तोंडावर वाईट बोललं नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. दारात उभं राहून 'आज नाई जी, झोपले ते' म्हणतात. पुढच्या आठवड्यातही झोपलेले असतात. अकरा घरांची दोन झाली. बाई डायरीत त्या घरांवर काट मारायच्या नाहीत. नुसतं पान उलटायच्या.

बंद झालेल्या घरांत धर्माजी कंडक्टरचं घर होतं. त्यांना साखरेचा त्रास होता, पावलांना संवेदना नव्हती. त्यांचे पाय बाई इतरांपेक्षा दुप्पट वेळ पाहायच्या, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. सहा महिने कुणी पाहिले नाहीत. अंगठ्याचं नख आत गेलं, जखम झाली, ती पांघरुणाखाली काळी पडली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मग त्यांनी बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, "आमाले माहीत होतं सर, बाई तशी नाई. पण लोक काय म्हणतीन म्हणून नाई बोलावलं." मी त्या माउलीला काय बोलणार? पण तो पाय लोणकरांनी कापला असं मी मानतो, आणि लोणकरांनी ते वाचावं असं मला वाटतं.

त्यानंतर तीन वर्षांनी लोणकरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. लिहायचा हात. बातमी कळली त्या दिवशी मी व्यवस्थित जेवलो आणि दुपारी झोप काढली. खोटं कशाला लिहू?

तिसऱ्या आठवड्यात बाई घमेलं घेऊन माझ्या दारावरून गेल्या. त्या कुठे चालल्या आहेत हे कळायला मला काही क्षण लागले. मी चप्पल न घालताच बाहेर आलो.

"काऊन चालल्या तुम्ही तिथं?" मी एरवी बाईंशी असं बोलत नसे. रागात माझ्या तोंडी घरची बोली येते.

"त्याची सून येलती काल. नखं वाढले म्हणे."

"वाढू द्या. धर्माजीचा पाय आठवा."

"आठवते मले."

"तुमच्या धर्मात हे सक्तीचं आहे का?"

"सक्ती असती तं बरं झालं असतं. सक्तीचं काम मी पटकन उरकवतो, नर्स होतो मी." त्यांनी घमेलं दुसऱ्या कुशीला घेतलं. "सर, येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते समद्याइले माहीत हाये. पण त्या रांगेत तो बी बसला होता, ज्यानं त्याच रात्री त्याले धरून दिलं. त्याचे बी धुतले. माहीत असून धुतले. लोक ते दोन पाय इसरून जाते."

"तुम्ही येशू नाहीत."

"नाई ना. म्हणून तं मले भेव वाटते." मग आवाज खाली आणून त्या जे बोलल्या ते मी शब्दशः लिहितो, कारण शोकसभेतल्या कुणालाही ते माहीत नाही. "तुमाले वाटते मी त्याले माफ केलं. मले बी राग येते. कात्री नखावर चालवाची का बोटावर, हे मले तिथी बसून ठरवा लागन. दर खेपेले ठरवा लागन. डोळे कायले मिटतो मी, तुमाले काय वाटलं?"

मी त्या दिवशी घमेलं धरायला गेलो नाही. पुढेही नाही.

काय व्हायचं ते सुनेकडून कळायचं. लोणकर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पहिल्या दिवशी अडखळत म्हणाले, "प्रार्थना... नको." बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाई करत. माह्यासाठी करतो." दोन वर्षं दर आठवड्याला त्या गेल्या. त्या माणसाने एकदाही माफीचा शब्द काढला नाही. जीभ जड आहे म्हणतात. चहात साखर कमी पडली हे सांगण्याइतकी ती हलकी होती. धर्माजींकडे त्याने कधी मुलाला चौकशीला पाठवलं नाही. सह्यांचा विषय निघाला तर डोळे मिटून घ्यायचा. असा माणूस.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईंना चालताना धाप लागू लागली. सावंगीच्या दवाखान्यात दाखवलं. हृदय मोठं झालं आहे, डॉक्टर म्हणाले. बाईंना ते ऐकून हसू आलं, म्हणाल्या हे चर्चमध्ये सांगू नका, त्याचं प्रवचन करतील. पाय सुजले. वाकता येईना. एका सकाळी मी गेलो तर त्या पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, समोर त्यांचंच घमेलं.

"सर, माहे हात पुरत नाई तिथवर."

मी खाली बसलो. त्यांची पावलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. टाचा फुटलेल्या, एक अंगठा कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. पाय भिजले, मी कात्री घेतली. त्या वरून पाहत होत्या.

"हात चांगला बसला तुमचा. पह्यले तुमी पानं उलटवल्यासारखं करत होते."

उजवा पाय झाला. तेव्हा त्यांनी डायरी माझ्या बाजूला ठेवली. "चार घरं हाये. मी आता नाई जाऊ शकत. देशमुखीणबाई गुरुवार सोडून कवाही. धर्माजीचा एकच पाय हाये, पण तोच जास्त पाहजो. पाठकांच्या बुढ्याले गुदगुल्या होते, त्याले बोलण्यात ठेवा लागते."

"आणि चौथं?"

त्यांनी हनुवटीने लोणकरांच्या घराच्या दिशेने दाखवलं. मला कळलं. माझा हात थांबला. त्यांच्या डाव्या पायाचं करंगळीचं नख माझ्या कात्रीच्या पात्यांमध्ये होतं.

"नाही," मी म्हणालो.

"सर..."

"तीन घरं मरेपर्यंत करतो. ते नाही. मला तुमच्यासारखं थांबून ठरवायला जमणार नाही. मी बोटच कापीन."

त्यांनी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मी कदाचित गेलो असतो, आणि हे त्यांना माहीत असणार. त्या माझ्या डोक्याकडे पाहत राहिल्या असाव्यात, मी वर पाहिलं नाही.

"करंगळी राह्यली," एवढंच म्हणाल्या. मी करंगळी कापली. पाय पुसले. तेल लावलं. मी निघताना त्या म्हणाल्या, "मंग मीच जाईन," आणि ते रुसून म्हटलेलं नव्हतं. कामाची वाटणी करताना उरलेलं काम आपल्याकडे घेतात, तसं.

थोड्याच दिवसांत त्या वारल्या. वर्ध्याला ख्रिस्ती कबरस्तानात माती झाली. वस्तीतले पंचवीस-तीस जण एसटीने आले होते, म्हणजे कागदावरचे जवळजवळ सगळे. लोणकरांची सून आली होती, खूप रडली. पाळकांनी मूठभर माती टाकायला सगळ्यांना बोलावलं. मी सगळ्यात शेवटी टाकली, कारण माझ्या पुढे कोण कोण जातं ते मला पाहायचं होतं.

चार दिवसांनी सून माझ्या दारात आली. "सर, बाबाचे नखं लय वाढले. सिस्टरबाई म्हणे तुमाले येते."

"आज काय वार?"

"शनवार."

"शनिवारी कापत नाहीत," मी म्हणालो.

ती मंगळवारी आली. मंगळवारीही कापत नाहीत, मी सांगितलं. एकदा एकादशी निघाली, एकदा अमावस्या. एकदा ती बुधवारी सकाळी आली. मी म्हटलं, संध्याकाळी ये, आणि संध्याकाळी आली तेव्हा दिवेलागणीनंतर नख कापू नये याची तिला आठवण करून दिली. ती शहाणी मुलगी आहे. त्यानंतर आली नाही. बाईंची डायरी माझ्याकडे आहे, त्यामुळे दिवसांची मला कमी नाही.

हे लिहिताना मला लाज वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. पण लाज वाटूनही मी गेलेलो नाही. धर्माजींच्या उरलेल्या पावलाला तेल लावताना मी दर आठवड्याला दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या चादरीकडे पाहतो आणि माझं मन पुन्हा घट्ट होतं. सिस्टरबाई डोळे मिटून जे मागायच्या ते मी मागत नाही, कारण ते मिळालं तर मला जावं लागेल.

आता एकच सांगायचं राहिलं.

त्यांनी मला डायरी दिली त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. मे महिना. सकाळचे अकरा वाजले होते आणि आमच्याकडे त्या वेळेला मे महिन्यात कुत्रंही गल्लीत नसतं. मी खिडकीशी वाचत बसलो होतो. बाई घमेलं घेऊन आल्या. त्यांच्या घरापासून लोणकरांचं घर शंभर पावलंसुद्धा नाही. त्या दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा विजेच्या खांबाला हात टेकून. सुनेने फाटक उघडलं, त्या आत गेल्या.

मी पुस्तक मिटलं नाही, पण पानही उलटलं नाही. पाऊण तासाने त्या बाहेर आल्या. थोडं चालून समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. सँडल काढला, झटकला, पुन्हा घालताना वाकता आलं नाही म्हणून तो तसाच पायाशी ठेवला. पदराने मान पुसली. मग माझ्या खिडकीकडे पाहिलं.

माठ माझ्या मागे हाताच्या अंतरावर होता. छत्री दाराला टांगलेली होती. मला उठायला काही अडचण नव्हती. मी उठलो नाही, आणि का उठलो नाही हे मला त्याच वेळी माहीत होतं. एवढी वर्षं लोणकरांवर ठेवलेला राग त्या पाच मिनिटांत मी बाईंवर काढत होतो. त्यांनी त्याला सोडलं म्हणून. बसू दे, मी मनात म्हटलं, कळू दे.

त्यांनी हात वर केला. बोलावलं नाही, नुसता वर केला. दिसलात, असं सांगायला करतात तसा.

मी पडद्याआड सरकलो.

पुन्हा पाहिलं तेव्हा त्या घराकडे चालल्या होत्या, एका पायात सँडल, दुसरा हातात, तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय भराभर उचलत.